उत्सव सगळ्यांना दिसतो, हिशेब कुणी पाहायचा?

देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचं कौतुक होतं. तिथले गणपतीचे चित्ररथ आणि रंगपंचमीची गेर बघायला लांबून माणसं येतात. पण शहराचा पैसा येतो कुठून, जातो कुठे आणि जमिनीखालच्या पाइपापर्यंत पोहोचतो का, हे विचारायला मात्र कुणालाच सवड नसते...

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूर झोपत नाही. संध्याकाळ कलली की राजवाड्याच्या दिशेने माणसांचे लोंढे निघतात. ओटे, गॅलऱ्या, गच्च्या आधीच भरून गेलेल्या असतात. मग दिव्यांनी लखलखणाऱ्या झांक्या, म्हणजे आपले चित्ररथ, एकामागून एक येऊ लागतात. त्यांच्यासोबत आखाड्यांचे पठ्ठे लाठ्याकाठ्या फिरवत असतात. खजराण्याच्या गणपतीची झांकी, विकास प्राधिकरणाची, महानगरपालिकेची आणि मग हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी अशी कापडगिरण्यांची नावं. पहाट होते तरी गर्दी हटत नाही.

गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, यातली एकही गिरणी आता चालू नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. इतर गिरण्यांची धुराडीही थंडावली. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार आपल्या पगारातून वर्गणी काढायचे आणि चित्ररथ उभे राहायचे. पगारच थांबल्यावर वर्गणी कुठली? हुकुमचंदच्या कामगारांना आपल्या हक्काच्या देण्यांसाठी तब्बल ३२ वर्षं कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. जमिनीच्या प्रश्नावर महानगरपालिका आणि गृहनिर्माण मंडळ यांच्यात तोडगा निघाला, तेव्हा कुठे २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा मार्ग मोकळा झाला. तोवर कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते. त्यांच्या वाट्याचे पैसे बायकामुलांच्या हाती आले.

तरीही या ३२ वर्षांत हुकुमचंदच्या नावाची झांकी निघतच राहिली. कारण महानगरपालिका, विकास प्राधिकरण आणि शहरातले दानशूर मदतीचा हात देत राहिले. दरवर्षी गणपती जवळ आले की इंदूरच्या वर्तमानपत्रांत तीच बातमी ठरलेली. यंदा गिरण्यांच्या मंडळांना किती मदत मिळणार, कधी मिळणार, वाढवून मिळणार का?

महापालिकेने सणावारावर पैसा का खर्च करायचा, असं काही सुशिक्षित मंडळी नाक मुरडून विचारतात. इथे तरी तो आक्षेप टिकत नाही. होळकरांच्या या राजधानीत रामबाग, लोकमान्यनगरातली मराठी कुटुंबं, मालवी शेतकरी, सराफ्यातले व्यापारी, गिरणगावातले मजूर असे सगळे ज्या रस्त्यावर एकत्र येतात, तो रस्ता आणि ती रात्र शहराचीच आहे. शहराच्या तिजोरीतून तिला चार पैसे मिळाले तर ते वाया जात नाहीत. प्रश्न आहे तो त्या तिजोरीचा. उत्सवावरचा खर्च सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतो. झांकी फिकी झाली तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पंचनामा होतो. बाकीच्या खर्चाचा पंचनामा कोण करतं?

मालकाची मनिऑर्डर झाली

महापालिकेचा संसार चालतो तो आपल्या घरासारखाच. थोडी कमाई स्वतःची, बरीचशी बाहेरून येणारी. स्वतःची म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, कचरा उचलण्याचं मासिक शुल्क, बांधकाम परवान्यांची फी, दुकानांची भाडी. एके काळी सगळ्यांत खात्रीचं उत्पन्न होतं जकातीचं. इंदुरात तिला चुंगी म्हणतात. शहरात शिरणाऱ्या मालावर नाक्यावरच रोख वसुली. मध्य प्रदेशने ही चुंगी १९७६ सालीच बंद केली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देऊ लागलं. मुंबईचे जकात नाके त्यानंतरही चार दशकं चालले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हाच ते बंद झाले. मुंबईला भरपाईचा पहिला मासिक चेक मिळाला तो सुमारे ६४७ कोटी रुपयांचा. रक्कम डोळे दिपवणारी खरी, पण फरकही लक्षात घ्यायला हवा. काल नाक्यावर उभं राहून वसुली करणारा मालक दुसऱ्या दिवसापासून मनिऑर्डरची वाट पाहू लागला.

ही मनिऑर्डर लांबली की काय होतं, ते दिल्लीकरांनी पाहिलं आहे. २०१२ साली दिल्ली महापालिकेचे तीन तुकडे झाले. पूर्व दिल्लीच्या वाट्याला मिळकत कमी आली. २०१५ मध्ये पगार थकले म्हणून सफाई कामगारांनी काम बंद केलं आणि रस्त्यारस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. अखेर मे २०२२ मध्ये तिन्ही पालिका पुन्हा एक कराव्या लागल्या. जमाखर्चाच्या वहीतला तुटवडा असा थेट घराच्या दारात येऊन पडतो.

इंदूरने मात्र याच कचऱ्याच्या बाबतीत देशाला धडा घालून दिला. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात २५ व्या क्रमांकावर असलेलं हे शहर २०१७ मध्ये पहिलं आलं आणि २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिलंच राहिलं. रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटल्या. रोज सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या गाडीत सहा प्रकारचा कचरा वेगळा टाकायची सवय घराघरातल्या बायकांनी लावून घेतली. हे श्रेय आधी त्यांचं, मग अधिकाऱ्यांचं! ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा, रोज ५५० टन कचरा पचवणारा कारखाना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तो खासगी कंपनी चालवते आणि त्याबद्दल महापालिकेलाच पैसे देते. रंगपंचमीच्या गेरीनंतर गुलालाने माखलेले रस्ते काही तासांत धुऊन निघतात, हेही आता नवलाईचं राहिलेलं नाही.

नर्मदेचं पाणी आणि विजेचं बिल

पण इंदूरच्या तिजोरीला खरं भोक आहे ते पाण्याचं. हे शहर नर्मदेच्या काठी नाही. खरगोन जिल्ह्यातल्या जलूद गावाजवळ नदीचं पाणी उचलायचं, सुमारे ७० किलोमीटर वाहून आणायचं आणि तेही विंध्याचा घाट चढवून. या पाण्यासाठी इंदूरकरांनी १९७० साली मोठं आंदोलन केलं होतं. विद्यार्थी, कामगार, व्यापारी सगळे रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारने योजना मान्य केली. १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. त्या वर्षी नळाला आलेलं पाणी पाहून हात जोडणारी माणसं अजून शहरात आहेत.

हात जोडून पंप चालत नाहीत, त्यांना वीज लागते. हे पाणी चढवण्याच्या विजेचं बिल महिन्याला २० ते २५ कोटी रुपयांच्या घरात जातं. पाणीपट्टीतून हा खर्च भरून निघत नाही. ती वाढवायची म्हटली तर कुठलाही नगरसेवक निवडणुकीच्या तोंडावर हात वर करत नाही. मग दरवर्षी ओढाताण, दरवर्षी राज्य सरकारकडे धाव.

यावर महापालिकेने एक वेगळी वाट काढली. विजेचं बिल भरण्यापेक्षा वीजच तयार करायची. जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्यासाठी लागणारा पैसा सरकारकडे न मागता लोकांकडून कर्जाऊ घ्यायचा. महापालिकेचे कर्जरोखे ही काही नवी गोष्ट नव्हती. अहमदाबादने १९९८ साली राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटी उभे केले होते. पुण्याने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी घेतले. खुद्द इंदूरने २०१८ मध्ये जवळपास १४० कोटी उभारले होते. पण हे सगळे व्यवहार मुख्यतः बँका आणि मोठ्या संस्थांशी होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूरने हरित कर्जरोखे थेट सामान्य माणसासाठी खुले केले. किमान दहा हजार रुपये गुंतवायचे आणि वर्षाला सव्वाआठ टक्के व्याज घ्यायचं. परतफेड चार टप्प्यांत, तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी. महापालिकेला हवे होते २४४ कोटी. अर्ज आले ७२० कोटींचे!

लोकांनी विश्वास का टाकला? केवळ स्वच्छतेच्या नावलौकिकामुळे नव्हे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे २०१५ पासूनचे नियम कडक आहेत. रोखे काढायचे तर महापालिकेला आधीच्या वर्षांचे तपासलेले हिशेब मांडावे लागतात. कर्ज थकवलेलं नाही ना, ते दाखवावं लागतं. पतमापन संस्थांकडून दर्जा मिळवावा लागतो. ठरावीक उत्पन्न एका वेगळ्या खात्यात आधी जमा होतं आणि त्यातून व्याज व मुद्दल बाजूला निघाल्यावर उरलेलं महापालिकेच्या हाती येतं. रोखे विकले गेल्यावरही ठरावीक मुदतीने हिशेब जाहीर करावे लागतात.

म्हणजे बघा, दहा हजारांचे रोखे घेणाऱ्याला शहराच्या कारभाराची बारीकसारीक माहिती देणारं जाडजूड माहितीपत्रक मिळतं. आणि वर्षानुवर्षं मालमत्ता कर, पाणीपट्टी भरणाऱ्या गृहिणीच्या हाती काय पडतं? एक पावती. कर्ज देणाऱ्याला सगळा हिशेब आणि कर देणाऱ्याला नुसती पावती, हा न्याय जरा विचित्रच आहे.

कागदावरची गटारं

याचा अर्थ काय होतो, ते २०२४ च्या एप्रिलमध्ये कळलं. महानगरपालिकेच्या ड्रेनेज विभागात खोट्या बिलांच्या फायली सापडल्या. गटारांची कामं फक्त कागदावर होती. जमिनीत काहीच घातलेलं नव्हतं. पण निविदा, कार्यादेश, मोजमाप, सह्या, शिक्के सगळं जागच्या जागी. पोलिसांत तक्रार गेली तेव्हा आकडा होता २८ कोटींचा. तपास पुढे सरकला तसा तो शंभर कोटींच्या पलीकडे गेला. ठेकेदार आणि महापालिकेचे काही अधिकारी गजाआड गेले.

असा घोटाळा झांकीच्या खर्चात करता आला असता का? कठीणच. झांकी निघाली नाही तर लाखो माणसं विचारतील. रस्ता झाडला नाही तर सकाळी आठ वाजता कळतं. जमिनीखाली पाइप घातला की नाही, हे मात्र खोदल्याशिवाय कळत नाही. म्हणून तिथे वहीवर नजर ठेवण्याला पर्याय नसतो. इंदुरात तर २०२० च्या सुरुवातीपासून जुलै २०२२ च्या निवडणुकीपर्यंत लोकांनी निवडून दिलेलं सभागृहच नव्हतं. महाराष्ट्राने याहून कमाल केली. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात हजारो कोटींची अंदाजपत्रकं प्रशासकांनीच मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली!

महापालिकेची कागदी कारवाई जिवावर कशी बेतते, याचा एक दाखला ३० मार्च २०२३ चा आहे. रामनवमीचा दिवस. स्नेहनगर भागातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू होतं. भाविक बसले होते त्या फरशीखाली जुनी विहीर होती. स्लॅब टाकून ती झाकलेली होती. तो स्लॅब कोसळला आणि ३६ जणांचा बळी गेला. या बांधकामाबद्दल महापालिकेने आधीच नोटीस बजावली होती. नोटीस फायलीत राहिली आणि माणसं विहिरीत गेली.

आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा! कष्टकऱ्यांच्या या दाट वस्तीत नळाला वास येणारं पाणी येत होतं. रहिवासी तक्रारी करत होते. मग घरोघर उलट्या, जुलाब सुरू झाले. शेकडो माणसं इस्पितळांत भरती झाली आणि कित्येकांना प्राण गमवावे लागले. मृतांच्या आकड्यावरून सरकार आणि रहिवासी यांच्यात बरेच दिवस एकवाक्यता नव्हती. शोध घेतला तेव्हा पोलीस चौकीजवळ मुख्य जलवाहिनीला गळती सापडली. तिच्यावरच शौचालय बांधलेलं होतं. महापालिका आयुक्तांना हटवण्यात आलं, उच्च न्यायालयाने जाब विचारला. ७० किलोमीटरवरून कोट्यवधींची वीज जाळून आणलेलं नर्मदेचं पाणी शेवटच्या काही फुटांत विष झालं.

सात वेळा मिळालेलं स्वच्छतेचं बक्षीस खोटं होतं का? मुळीच नाही. रस्ते खरोखर स्वच्छ आहेत. पण परीक्षकाला, पाहुण्याला आणि कॅमेऱ्याला जे दिसतं, तिकडे पैसा आणि लक्ष आधी धावतं, हेही तितकंच खरं. ही खोड एकट्या इंदूरची नाही. चौकातलं कारंजं आणि प्रवेशद्वाराची कमान कुठल्या गावात नाही? कमानीच्या उद्घाटनाला मंत्री येतात. जुना पाइप बदलण्याच्या कामाचं उद्घाटन कुणी पाहिलं आहे?

शेवटचा रकाना आधी वाचा

महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी येतं. महाराष्ट्रात आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात. मध्य प्रदेशात थेट निवडून आलेला महापौर आणि त्याची परिषद ते सभागृहात आणते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा आकडा झळकतो. इंदूरचा आकडा अलीकडे आठ हजार कोटींच्या वर गेला आहे, तर मुंबईचा २०२५-२६ साठी ७४ हजार ४२७ कोटी होता. बहुतेक लोक इथेच थांबतात. खरं तर या आकड्याला फारसा अर्थ नसतो. ती इच्छा असते.

अंदाजपत्रकाच्या पुस्तकात एकेका कामापुढे तीन-चार रकाने असतात. येत्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा अंदाज, त्याचा सुधारित आकडा आणि आधीच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च. वाचायचा तो हा प्रत्यक्ष खर्चाचा रकाना. जलवाहिन्या बदलण्यासाठी मोठी तरतूद दाखवली आणि प्रत्यक्षात तिच्या चौथाईही खर्च झाला नाही, तर पाइप जुनाच आहे हे समजायला इंजिनीअर असावं लागत नाही. मिळकतीच्या बाजूलाही हेच पाहायचं. मालमत्ता कराची अपेक्षा किती आणि वसुली किती? अपेक्षा फुगवून जमेची बाजू भरली की खर्चाची आश्वासनं वाटता येतात. मग वर्षअखेर पैसे नाहीत म्हणून कात्री लागते. ती लागते कुठे? बहुधा जिथे कुणी ओरडणार नाही तिथे, म्हणजे देखभाल-दुरुस्तीवर.

घर चालवणाऱ्या बाईला यात काही नवं नाही. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून भिंती रंगवल्या आणि न्हाणीघरातली गळती पुढच्या वर्षावर ढकलली, तर काय होतं ते तिला ठाऊक असतं.

काही ठिकाणी लोकांना या वहीत हात घालू दिला गेला. केरळने १९९६ मध्ये योजनेच्या पैशातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि कामं वॉर्डाच्या सभेत ठरवायला सांगितलं. पुण्यात २००६ पासून नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवू लागले. पदपथ, दिवे, बाकडी अशीच कामं त्यात जास्त येतात, हे खरं. जमिनीखालची कामं सुचवायची तर जमिनीखाली काय आहे ते आधी कळायला हवं.

ते विचारता येतं. आपल्या गल्लीतली जलवाहिनी कोणत्या वर्षी घातली? ड्रेनेजची वाहिनी तिच्यापासून किती अंतरावर आहे? पाण्याचे नमुने शेवटचे कधी तपासले आणि निष्कर्ष काय निघाला? दुरुस्तीची निविदा काढली असेल तर कार्यादेश कधी दिला, बिल किती आणि कुणाला दिलं? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे खर्चाचा तपशील महापालिकेने स्वतःहून जाहीर करायचा असतो. तो केला नसेल, तर साध्या कागदावर अर्ज करता येतो. महाराष्ट्रात तो मराठीत चालतो, इंदुरात हिंदीत. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. आणि मागितलेली माहिती एखाद्याच्या जिवाशी निगडित असेल, तर कायद्याने दिलेली मुदत आहे ४८ तासांची.